सहा मतं आणि सात हात

आमच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या वर भिंतीला एक खिळा आहे. लॉवेलनं तो ठोकला तेव्हा आमची धाकटी पहिलीत होती. आता तिलाच दोन मुलं आहेत. ठोकताना तो म्हणाला होता, "फळी आली की शोधाशोध नको." फळी म्हणजे अक्रोडाच्या लाकडाची, वर पितळी पट्टी लावलेली, पट्टीवर 'वर्षाचा सर्वोत्तम कोच' असं कोरलेलं. आमच्या व्हाइट रिव्हर मंडळात आठ कॉलेजं आहेत. दर मार्चमध्ये त्यांतल्या एका बास्केटबॉल कोचला ती मिळते. आमच्या घरी ती कधी आली नाही. खिळा रिकामा बरा दिसत नाही म्हणून मी त्यावर गावातल्या अंत्यविधीच्या दुकानातून मिळणारं फुकट कॅलेंडर लावते.

लॉवेल हॅगेडॉर्न माझा नवरा. सेंट वालबर्गा कॉलेजात एकतीस वर्षं कोच. मंडळाचं विजेतेपद चौदा वेळा, आणि सर्वोत्तम कोच एकदाही नाही. हे ऐकून परगावचा माणूस चक्रावतो. आमच्या इंडियाना राज्याच्या दक्षिण भागात कुणी चक्रावत नाही.

कारण आमच्याकडे रीतच तशी आहे. ऑक्टोबरात आठही कोच एकत्र जेवतात आणि या वर्षी कोण कितवा येईल याचा अंदाज चिठ्ठ्यांवर लिहून देतात. मग फेब्रुवारीअखेर जो त्या अंदाजाच्या सगळ्यात वर चढला असेल, त्याला मार्चमध्ये मतं पडतात आणि तो सर्वोत्तम. जो पहिला येणार म्हणून लिहिला आणि पहिलाच आला, त्यानं काय विशेष केलं? आठवा येणारा चौथा आला, तर त्यानं चमत्कार केला. त्यामुळे ऑक्टोबरच्या जेवणाला आमचे कोच मयताला आल्यासारखे तोंड पाडून येतात. कुणाचा उंच मुलगा लष्करात गेलेला असतो, कुणाकडे म्हणे पाचजण धड उभे राहणारे नसतात. ब्लू क्रीकचा रिक स्टॅम्पर तर रडण्यात इतका तयार, की एका वर्षी वाढणारीनं त्याला ॲपल पायचा दुसरा तुकडा तसाच दिला. त्याच्या भिंतीवर तीन फळ्या आहेत.

लॉवेलला रडता येत नाही. त्याला विचारलं की तो म्हणायचा, "मुलं बरी आहेत." झालं. सगळे त्याला पहिला लिहायचे, मग तो पहिला आला तरी त्यात विशेष काही नसायचं.

पण हे वर्ष शेवटचं. मे महिन्यात तो कायमचा घरी बसणार होता. सप्टेंबरात एका संध्याकाळी जेवता जेवता त्यानं त्या खिळ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "व्हर्ना, या वर्षी मी रडणार आहे."

"तुला जमायचं नाही."

"कर्टिसचा गुडघा गेलाय असं सांगतो."

कर्टिस ऑक्सली त्याचा सगळ्यात उंच खेळाडू. घोड्यासारखा धडधाकट. ऑक्टोबरच्या जेवणाला प्रत्येक कोच आपला एक खेळाडू घेऊन येतो. लॉवेलनं कर्टिसला गुडघ्याला ही जाडजूड पट्टी बांधून आणलं. पोरगं बिचारं खरोखर प्रामाणिक. पट्टी डाव्या गुडघ्याला होती आणि आत येताना ते लंगडलं उजव्या पायानं. सूप घ्यायला उठलं तेव्हा डाव्या पायानं. गोडाच्या टेबलाकडे गेलं ते सरळ पळतच.

परतताना गाडीत मी म्हटलं, "लॉवेल, त्या मुलाला निदान एक पाय ठरवून द्यायचास."

"लोकांना वाटलं, दोन्ही गेलेत," लॉवेल म्हणाला. आणि खरंच, त्यांनी त्याला सहावा लिहिला.

मी त्या जेवणाला का असते, हेही सांगायला हवं. एकोणीस वर्षांपूर्वी मतमोजणीवरून दोन कोच वाहनतळावर एकमेकांचे टाय धरून उभे राहिले होते. तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं, की यापुढे ऑक्टोबरच्या चिठ्ठ्या आणि मार्चची मतं व्हर्ना हॅगेडॉर्न मोजेल. "पण ती लॉवेलची बायको," असं कुणीतरी म्हणालं. त्यावर पाइन नॉबचा गस वेंडहोल्ट म्हणाला, "म्हणूनच. रोज सकाळी जपमाळ ओढणारी बाई. नवऱ्यासाठीसुद्धा खोटं बोलायची नाही, आणि नवऱ्याला खरंही सांगायची नाही." लॉवेलनंही हात वर केला होता. त्यानंतर एकोणीस वर्षं मी मतं मोजते आहे आणि एकोणीस वर्षं लॉवेल हरतो आहे. त्यामुळे माझ्यावरचा लोकांचा विश्वास फार वाढला.

नियम साधे आहेत. कोचनं स्वतःला मत द्यायचं नाही. ते दिलं नाही हे कळावं म्हणून मतपत्रिकेवर सही करायची. त्यामुळे कुणी कुणाला मत दिलं हे मला कळतं, आणि माझ्यापाशीच राहतं.

हंगाम सुरू झाला तसा लॉवेलचा डाव जमत गेला. कर्टिसचे दोन्ही गुडघे बरे झाले. सेंट वालबर्गा सामन्यांमागून सामने जिंकत राहिलं, आणि सहावा लिहिलेला संघ पहिला आला. गावात दूध आणायला गेलं तरी दुकानदार म्हणायचा, "काय कोच, या वर्षी फळी तुमचीच." लॉवेल म्हणायचा, "बघू." मग घरी येऊन कॅलेंडर जरा तिरपं करून खिळा घट्ट आहे ना ते बघायचा.

या सगळ्यात दर सोमवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातला फोन वाजायचा. तिकडून ड्वेन टॉलिव्हर. ड्वेन होली फोर्क कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. नेच्यांवर, म्हणजे फर्नवर, त्याचं पुस्तक आहे. तिथला कोच ऑक्टोबरात नोकरी सोडून फ्लोरिडाला गेला, आणि शाळेच्या संघात आपण राखीव बाकावर बसायचो असं ड्वेन एकदा बोलून गेला होता, म्हणून कॉलेजानं त्यालाच कोच केलं. वर्षभरात त्याचे दोन विजय. त्यांतला एक समोरच्या संघाची बस बंद पडली म्हणून मिळालेला.

"कोच, हे लोक माझ्या पोरांना मधे शिरूच देत नाहीत," ड्वेनचा आवाज मला ओट्यापर्यंत ऐकू यायचा.

"मग बाहेरून फिरव की चेंडू. थांब, कागद घे," असं म्हणत लॉवेल मिठाची आणि मिरपुडीची डबी, दोन अंडी आणि माझं शिवणाचं अंगुस्तान टेबलावर मांडायचा, आणि फोनवर न दिसणाऱ्या माणसाला ते इकडून तिकडे सरकवून दाखवायचा. चाळीस-चाळीस मिनिटं. रात्रीचं ऑम्लेट सोमवारी नेहमी उशिरा व्हायचं. फोन ठेवला की म्हणायचा, "सज्जन माणूस आहे. बास्केटबॉलमधलं त्याला काही म्हणजे काही कळत नाही."

राखेचा बुधवार आला तेव्हा उपवासकाळासाठी मी नवा नेम धरला. दरवर्षी मी गोड सोडते, पण आता वयानं ते तसंही सुटलं आहे. म्हणून लॉवेलला न सांगता ठरवलं, ईस्टरपर्यंत त्याला एकही टोमणा मारायचा नाही. चाळीस दिवस. गोड सोडणं फार सोपं होतं हे मला गुरुवारी सकाळीच कळलं.

मतपत्रिका मार्चच्या पहिल्या सोमवारी पाकिटातून गेल्या. लॉवेलनं आपली स्वयंपाकघरातच भरली, हातानं झाकून, शाळेतल्या मुलासारखी. पाकीट चाटून बंद केलं आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवलं.

"फार विचार करून दिलंय," तो म्हणाला. "मत असं द्यावं की कुणाला लागू नये."

माझ्या जिभेवर चांगलं उत्तर आलं होतं. मी मनात 'नमो मरिये' ही प्रार्थना म्हटली आणि पाकीट उचललं.

पुढच्या मंगळवारी सगळी पाकिटं आली. लॉवेल कॉलेजात गेला होता. मी हात धुतले, टेबल पुसलं, जपमाळ बाजूला ठेवली आणि पाकिटं फोडायला बसले.

पहिलं रिक स्टॅम्परचं. त्यावर 'ड्वेन टॉलिव्हर'. मला वाटलं, रिकला उशिरा का होईना देवानं सद्बुद्धी दिली. दुसरं उघडलं. ड्वेन टॉलिव्हर. तिसरं, ड्वेन टॉलिव्हर. चौथ्याला मी चष्मा पुसला.

मग माझ्या लक्षात आलं. प्रत्येकाला वाटत होतं, या वर्षी फळी आपली किंवा लॉवेलची. लॉवेलला मत द्यावं तर आपली जाते. दुसऱ्या कुणा तगड्याला द्यावं तर तो पुढे जाईल. स्वतःला देता येत नाही. मग ज्याला काही केल्या मिळणं शक्यच नाही, अशा माणसाच्या पदरात मत टाकून मोकळं व्हावं. असा माणूस मंडळात एकच होता. सगळे शेवटी एकाच दारात आले होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच हुशार.

पाचवं पाकीटही तसंच. सहावं लॉवेलचं. ते अक्षर मी चाळीस वर्षं किराण्याच्या यादीवर वाचते आहे. ड्वेन टॉलिव्हर.

सातवं गस वेंडहोल्टचं. त्यानं लिहिलं होतं, 'गस वेंडहोल्ट', आणि खाली नियमाप्रमाणे सही केली होती. ते बाद.

आठवं ड्वेनचं. पाकिटावर नेच्याच्या पानाचं तिकीट होतं. आत मतपत्रिका आणि एक चिठ्ठी: 'लॉवेल हॅगेडॉर्न. दुसरं कुणी असू शकतं का, हे मला कळत नाही. आपण विचारता आहात म्हणून लिहितो.'

ड्वेनला सहा. लॉवेलला एक.

निकालाचं कार्ड कोरं समोर होतं. त्यावर मी एक नाव लिहायचं, पाकिटात घालून मंडळाच्या अध्यक्षांना द्यायचं आणि त्यांनी शुक्रवारी जेवणात वाचायचं. पाकिटं कुणी मागत नाही. लॉवेलचं नाव वाचलं तर आख्ख्या दालनात एकाही माणसाला आश्चर्य वाटलं नसतं. उलट टॉलिव्हरचं वाचलं तर मला मोजता येत नाही असं म्हणतील.

मी कार्डावर 'लॉवेल हॅगेडॉर्न' लिहून बघितलं. फक्त कसं दिसतं ते बघायला. छान दिसत होतं.

मग मी कोट घातला आणि चर्चला गेले.

फादर एडमंड पापकबुलीच्या जाळीपलीकडे होते. मी सगळं सांगितलं, नावं सोडून. खोटं कार्ड लिहिलं. अजून दिलं नाही. पण लिहून चार मिनिटं बघत बसले.

"हं," फादर म्हणाले. मग आवाज खाली आणून, "म्हणजे लॉवेलला नाही मिळालेली?"

"मी नावं घेतली नाहीत, फादर."

"नाही, नाही. बरोबर आहे." खुर्ची जाळीजवळ सरकली. "पण सेंट वालबर्गा पहिलं आलं ना. मग कुणाला? रिकला तर नाही?"

"फादर, तुमच्यासारखंच मलाही काही गोष्टी पोटात ठेवायचं बंधन आहे."

जाळीपलीकडून मोठा उसासा आला. "ते कार्ड फाड. तीन जपमाळा कर. आणि व्हर्ना, रिक असेल तर चार कर, एक माझ्यासाठी."

मी घरी येऊन कार्ड फाडलं आणि नवं लिहिलं.

त्या तीन दिवसांत लॉवेलनं मला एकदाही सरळ विचारलं नाही. आडून मात्र पुष्कळ. बुधवारी म्हणाला, "निळा सूट इस्त्रीला देऊ का? म्हणजे फोटोबिटो असला तर." मी म्हटलं, "सूट नेहमीच इस्त्रीचा असावा." गुरुवारी तो हातोडी घेऊन खिळ्यापाशी उभा होता. "हा जरा सैल वाटतो का गं?" मी सूप ढवळत होते. "मला खिळ्यांतलं कळत नाही," मी म्हटलं, आणि हे खरं होतं. एरवी मी त्याला हसले असते, चिडवलं असतं, आणि तेवढ्यावरून त्याला काहीतरी कळलं असतं. नेमामुळे मी इतकी गोड बोलत होते की त्याचा भलताच समज झाला. शुक्रवारी टाय बांधताना तो शीळ घालत होता.

जेवण हॉटेलच्या दालनात. उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, तरी ताटात गोमांस. आम्ही कॅथलिक मंडळी नेहमीसारखी बटाटे आणि पाव खात बसलो. सर्वोत्तम खेळाडूचा मान कर्टिसला मिळाला, लॉवेल सोडून सातही कोचांच्या मतांनी. तो मंचाकडे चालत गेला तेव्हा मागून रिकचा आवाज आला, "आज कुठला पाय?" सगळे हसले. लॉवेलही हसला, आज कुणालाही माफ करायला तो तयार होता.

मग अध्यक्षांनी माझं पाकीट फोडलं. वाचलं. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी पुन्हा वाचलं.

"वर्षाचे सर्वोत्तम कोच. सहा मतांनी." घसा खाकरला. "होली फोर्कचे ड्वेन टॉलिव्हर."

टाळ्या पडायला वेळ लागला. लॉवेल अर्धा उठला होता. तो तसाच अर्धवट वाकून उभा राहिला आणि मग, जणू त्यासाठीच उठला होता, अशा थाटात त्यानं लोण्याची बशी पुढे ओढली आणि खाली बसला. पावाला लोणी लावलं. पाव खाल्ला नाही.

ड्वेन मंचावर गेला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. फळी त्यानं रोपाची कुंडी धरावी तशी दोन्ही हातांनी खालून धरली.

"मला वाटतं काहीतरी चुकलंय," तो म्हणाला. "आम्ही दोन सामने जिंकलो. त्यातल्या एकात समोर कुणी नव्हतं." लोक हसले. तो हसला नाही. "आमची मुलं चाळीस-चाळीस गुणांनी हरली आणि दुसऱ्या दिवशी सरावाला वेळेवर आली. मला वाटायचं हे माझ्याशिवाय कुणाला दिसत नाही. पण इथल्या सहा जणांना दिसलं. ज्यांना स्वतःला ही मिळू शकत होती अशा माणसांना."

सहाही माणसं आपापल्या ताटाकडे बघत होती. रिक स्टॅम्परनं बटाट्याला काट्यानं भोकं पाडायला घेतली होती.

"मला त्यांचे आभार मानायचेत," ड्वेन म्हणाला. "मत गुप्त असतं हे मला माहीत आहे. पण चालणार असेल तर हात वर करा. मी लक्षात ठेवीन."

कुणी हललं नाही. हात वर करावा तर बाकीच्यांना डाव कळतो. न करावा तर तो सज्जन माणूस तिथं कुंडी धरून उभाच. एकेक जण डोळ्यांच्या कोपऱ्यातून दुसऱ्याकडे बघायला लागला, आणि मी बघत होते, एकेकाच्या चेहऱ्यावर उजेड पडत गेला. अरे, तूही?

माझ्या शेजारी लॉवेलनं सुरी खाली ठेवली. हात वर केला. पूर्ण, कोपर सरळ करून.

"मी," तो म्हणाला.

"कोच," ड्वेन म्हणाला, आणि त्यानं फळी छातीशी धरली.

मग रिकनं हात वर केला, खांद्याएवढाच. मग तिसरा, चौथा. पाचवा आणि सहावा एकदमच. मी मनात मोजलं, सहा. बरोबर. आणि तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरून गस वेंडहोल्टनंही हात वर केला, सगळ्यांत उंच, आणि दुसऱ्या हातानं डोळे टिपले.

मी पाणी प्यायले.

गाडीत लॉवेलनं आधी पाच-सहा मैल हीटरची बटणं फिरवली. मग म्हणाला, "मला किती?"

निकाल लागला होता, आकडा सांगायला हरकत नव्हती. "एक."

"कुणाचं?"

"ते सांगता येत नाही."

शेतं गेली, धान्याचं कोठार गेलं. "ड्वेनचं," तो म्हणाला.

"मी काही बोलले नाही."

"म्हणूनच कळलं." त्यानं टाय सैल केला. "मी त्याला दिलं, व्हर्ना, कारण मला वाटलं ते वाया जाईल."

यावर बोलण्यासारखं इतकं होतं की मी जपमाळेची डबी घट्ट धरून ठेवली.

"आणि अध्यक्ष म्हणाले सहा मतं," थोड्या वेळानं तो म्हणाला. "मी हात मोजले. सात होते."

मी खिडकीबाहेर बघितलं.

"गस," तो म्हणाला.

"मी काही बोलले नाही, लॉवेल."

त्याच्या तोंडून आधी खोकल्यासारखा आवाज आला. मग त्यानं गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून हसला, खांदे हलेपर्यंत. मीही हसले. हसणं म्हणजे टोमणा नव्हे, असं मी धरून चालले.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ड्वेनची गाडी दारात उभी राहिली. मागच्या सीटवर सहा टांगायच्या कुंड्या, सातवी त्याच्या हातात. प्रत्येकीत एक नेचा. सात कोचांच्या घरी तो स्वतः पोचवायला निघाला होता, आणि पहिलं घर आमचं.

"याला रोज पाणी लागतं, कोच. थेट ऊन नको. काही शंका आली तर फोन करा," तो म्हणाला. "मीही करेन म्हणतो. पुढच्या वर्षीही मलाच कोच राहा म्हणतायत."

"सोमवारी कर," लॉवेल म्हणाला.

ड्वेन गेल्यावर लॉवेल कुंडी घेऊन घरभर फिरला. मग बैठकीच्या खोलीत आला, कॅलेंडर काढून माझ्या हातात दिलं आणि कुंडी त्या खिळ्याला टांगली. मागे सरून बघितलं. कुंडीतून एक थेंब टीव्हीवर पडला. मग दुसरा.

"छान आहे," मी म्हटलं. "एकतीस वर्षं कोचगिरी केलीस, पण रोज पाणी घालावं लागणारा खेळाडू तुला पहिल्यांदाच मिळालाय. आणि हा लंगडणार असेल तर कुठल्या पायानं, ते आधी ठरवून घे."

लॉवेल स्वयंपाकघरातून फडकं घेऊन आला आणि टीव्ही पुसायला लागला.

"उपवासकाळ संपला वाटतं," तो म्हणाला.